फादरांच्या गावाला

बुधवार

दुपारी वसईहून वर्गमैत्रिणीचा फोन आला. "फादर गेले गं. पहाटे, झोपेतच." दफन शुक्रवारी दुपारी चार वाजता, त्यांच्या मूळ गावी. दुबईचा पुतण्या यायचा होता, आणि एक भाची सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी आहे, तीही लांबून निघाली होती. तोवर त्यांना शवागारात ठेवणार होते.

फादरांनी ऐंशी ओलांडली होती. निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात राहत होते आणि अलीकडे फोनवर माझा आवाज ओळखायलाही त्यांना वेळ लागायचा. त्यामुळे बातमी अचानक नव्हती. तरी हातातलं काम ठेवून मी ओट्याशी नुसती उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, "कोण लागायचे तुझे?" मी म्हटलं, "माझे सर. मराठीचे." त्या म्हणाल्या, "मग जायलाच पाहिजे. दशम्या बांधून देते." दिवाळीची सुट्टी चालूच होती, रजेचा प्रश्न नव्हता.

सासर मंगळवेढ्याचं, पण माझं सगळं शिक्षण वसईकडे झालं. वडील एसटीत कंडक्टर होते, अर्नाळा आगारात. आम्ही नालासोपाऱ्यात चाळीत राहायचो. बारावीनंतर जवळचं म्हणून वसईच्या कॉलेजात नाव घातलं, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या झग्यातले, चष्म्यावरून बघणारे फादर मराठीच्या तासाला आले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी शिकवणार याचं आमच्यापैकी घाटावरच्या मुलांना नवल वाटलं होतं. वसईच्या मुलांना मुळीच नाही. त्यांच्या घरात प्रार्थना मराठीतून होते, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होते, आणि घरी बोलतात ती कादोडी किंवा वाडवळी ही मराठीचीच बोली.

संध्याकाळच्या एसटीने सोलापूरला निघाले. मंगळवेढ्याबाहेर काळ्या रानात ज्वारी उगवून आली होती. फादरांना आमच्याकडच्या ज्वारीचं फार कौतुक. संक्रांतीनंतर कुणी वसईकडे जाणारं भेटलं की मी त्यांना पीठ पाठवायची. निवासातल्या स्वयंपाकीणबाईंना भाकरी थापायला त्यांनी स्वतः शिकवलं होतं, असं त्या बाईच फोनवर सांगायच्या.

सिद्धेश्वर एक्सप्रेसला सुट्टीमुळे आरक्षण मिळणं शक्यच नव्हतं. जनरलच्या बायकांच्या डब्यात कोपऱ्यात टेकायला जागा मिळाली, तीच पुष्कळ. कुर्डुवाडीनंतर डबा झोपला. मला झोप आली नाही. सारखा चोखोबांचा तास आठवत होता.

आमच्या अभ्यासक्रमात संतांचे निवडक अभंग होते. दुसरे प्राध्यापक आधी शब्दार्थ देत, मग भावार्थ, मग काव्यगुण. फादर खडू हातात घेऊन विचारायचे, "अर्थ नंतर. आधी सांगा, हा माणूस कुठे उभा आहे?" पहिल्यांदा कुणालाच प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "ज्ञानोबा बोलतात तेव्हा समोर कोण बसलंय? तुकोबा बोलतात तेव्हा ते घरात आहेत की डोंगरावर? आणि हे चोखोबा, हे विठ्ठलाशी बोलतायत. पण कुठून? आतून की बाहेरून?" वर्ग गप्प. मग त्यांनी सांगितलं की चोखोबांना देवळात जाता येत नव्हतं, ते महाद्वाराबाहेरून बोलत होते. त्यांचा एकेक अभंग त्या अंतरावरून वाचा. मग त्यांनी चोखोबांच्या मरणाची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना कूस कोसळलं आणि मजुरांबरोबर चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते ते वर्ष 1338. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. "मेल्यावरही जागा दारातच," फादर म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

माझं लग्न मंगळवेढ्यात ठरलं तेव्हा मी त्यांना पत्रिका द्यायला गेले होते. गावाचं नाव वाचून ते उठून उभे राहिले. "चोखोबांच्या गावाला चाललीस तू!" एवढंच म्हणाले. पुढे ते एकदा आले, आम्ही पंढरपूरला गेलो, आणि नामदेव पायरीसमोरच्या त्या समाधीपुढे ते पायातल्या चपला काढून हात जोडून उभे होते. झगा नव्हता घातलेला, साधा सदरा होता. तिथल्या फुलवाल्या आजीने त्यांना बुक्का लावला आणि त्यांनी तो पुसला नाही. परत मंगळवेढ्याला येईपर्यंत कपाळावर होता.

गुरुवार

दादरला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर आले. सकाळच्या वेळी विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळतं, सगळी गर्दी उलट्या दिशेला. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारात बायका लोंबकळत होत्या. भाईंदर सुटलं, मिठागरं दिसायला लागली, आणि गाडी खाडीच्या पुलावर चढली. डाव्या हाताला पाणजू बेट, पाण्यावर धूसर उजेड. इथून पुढे वसई. कॉलेजात असताना मुंबईहून परत येताना या पुलावर आम्ही सगळ्याजणी बोलायच्या थांबायचो.

नालासोपारा स्टेशनबाहेर मला काहीच ओळखू येईना. इमारतींना इमारती चिकटलेल्या, आमची चाळ कुठे होती तेही सांगता येणार नाही. सम्राट अशोकाच्या काळचं शूर्पारक बंदर ते हे, स्तूपाचे अवशेष आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथेच सापडले. फादरांनी आम्हाला तो स्तूप चालत नेऊन दाखवला होता. शेअर रिक्षा निर्मळच्या दिशेने निघाली. सोपारा गाव मागे पडल्यावर केळीच्या बागा लागल्या, पानवेली, सोनचाफ्याच्या ओळी. पूर्वीपेक्षा कमी, पण आहेत. रिक्षावाला तरुण होता, उत्तरेकडचा. रस्त्यावर जागोजागी फादरांच्या फोटोचे फलक लावलेले होते. तो म्हणाला, "बडे आदमी थे क्या?" मागच्या सीटवरच्या बाई उत्तरल्या, "मास्तर होते."

मैत्रिणीच्या घरी पोचले. अंगणात तुळस नाही, क्रूस आहे, आणि क्रुसापुढे रोज ताजी फुलं. घराच्या मागे बावखल. वसईत वाडीवाडीत ही तळी असतात, पावसाचं पाणी साठवतात, विहिरी जिवंत ठेवतात. खूपशी आता भर घालून बुजवली आणि त्यावर घरं उठली. फादरांनी आपल्या वाट्याचं बावखल कधी विकू दिलं नाही. हरित वसईच्या चळवळीत नाव झालं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं, आणि ते योग्यच होतं. त्यांनी टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध आणि गुंडगिरीविरुद्ध उघड लढा दिला, पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं. आमच्या फादरांचं नाव वर्तमानपत्रात येण्यासारखं काही नव्हतं. ते वर्गात शिकवायचे. पण त्या काळात मोर्चाला निघालेल्या कितीतरी मुलामुलींनी आपलं पहिलं निवेदन त्यांच्या टेबलाशी बसून लिहिलं होतं, आणि 'सदर', 'तरी', 'कृपया' सगळे खोडून त्यांनी "काय हवंय ते पहिल्या ओळीत सांगा" असं शिकवलं होतं.

मैत्रिणीची आई, आम्ही मावशी म्हणतो, पंच्याऐंशीच्या पुढच्या. लाल लुगडं, कान जड दागिन्यांनी ओघळलेले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि दुधी वाढला. घरात दुःख असलं की मासळी करत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. फादर त्यांच्या नात्यातले नव्हेत, पण आळीतले. "त्याच्या आईने त्याला देवाला दिला, तेव्हापासून तो आमच्या सगळ्यांचा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी चर्चची घंटा वाजायला लागली. लग्नाची, सणाची घंटा वेगळी, ही एकेक ठोका थांबून थांबून. रुग्णवाहिका गावात शिरली तशी वाडीतली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. कुणी मोठ्याने रडलं नाही. दारात प्रमुख धर्मगुरूंनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. मैत्रीण कानात म्हणाली, हे बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणून. जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये फादर परत आले होते.

पेटी वेदीसमोर ठेवली आणि मला एक गोष्ट दिसली. याआधी वसईत मी ज्या अंत्यविधींना गेले होते तिथे मृताचे पाय वेदीकडे असायचे. फादरांचं डोकं वेदीकडे होतं, तोंड आमच्याकडे. मी विचारलं तेव्हा मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, धर्मगुरूंना तसंच ठेवायची रीत आहे. माणसं देवाकडे बघतात, पण फादर आयुष्यभर वेदीपाशी उभे राहून माणसांकडे बघत होते, म्हणून शेवटीही तसेच. मिस्सा करतानाचा पांढरा झगा, गळ्यात धर्मगुरूंचा लांब पट्टा, स्टोल, हातात गुंडाळलेली जपमाळ. पेटीच्या उशाशी पास्काची, म्हणजे ईस्टरची उंच मेणबत्ती. मी पुढे जाऊन पाहिलं. चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी वाडीवाडीत क्रुसांपुढे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. त्या रात्री सगळ्या वाड्यांनी ती फादरांपाशी म्हटली. एक वाडी संपवून उठली की दुसरी बसायची. दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, चालली होती, एका बाजूने 'नमो मारिया' आणि दुसऱ्या बाजूने उत्तर, एका लयीत, तासन्‌तास. मला पाठ नव्हतं. पण वारीत, भजनात बसलेल्या माणसाला ही लय परकी वाटत नाही, शरीर आपोआप तिच्यात बसतं. मध्यरात्रीनंतर माझ्या शेजारी कॉलेजच्या जुन्या ग्रंथपालबाई येऊन बसल्या, त्याही ख्रिस्ती नाहीत. त्यांनी पदरातून छोटी ज्ञानेश्वरी काढली आणि मनात वाचत राहिल्या. समोरची एक म्हातारी वळून बघून गेली आणि येताना त्यांच्यासाठी चहा घेऊन आली.

शुक्रवार

सकाळपासून माणसं येत होती. दुपारी तीनपर्यंत चर्च भरलं, आवारात मांडव घातला होता तोही भरला. आगरी, कोळी, वाडवळ, कादोडी बोलणारे कुपारी, आदिवासी पाड्यांवरून आलेली माणसं, विरारहून लोकलने आलेली मंडळी, आणि आम्ही विद्यार्थी. पन्नाशीतल्या माणसांना तिथे 'विद्यार्थी' म्हणत होते आणि कुणालाही ते खटकत नव्हतं.

माझ्या मनात प्रवासभर एक गोष्ट घोळत होती. आपल्याकडे माणूस गेला की कोणी काय करायचं हे नात्यावर ठरतं. मुलगा अग्नी देतो, भाऊबंद खांदा देतात, सुतक कुणाला किती दिवसांचं हेही ठरलेलं. विद्यार्थ्याला सुतक नाही. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवलं, ज्यांच्यामुळे मी आज चार घास खाते, त्यांच्यासाठी मी कोणत्या जागी उभं राहायचं? आणि फादरांना तर मुलंबाळंच नाहीत. मग त्यांच्या बाजूने तरी कोण?

उत्तर फार साध्या रीतीने मिळालं. दुपारी प्रमुख धर्मगुरू बाहेर आले आणि म्हणाले, "डावीकडचे पहिले तीन बाक घरच्यांना. उजवीकडचे पहिले तीन विद्यार्थ्यांना. फादरांनी लिहून ठेवलंय तसं." फादरांनी आपल्या दफनाच्या सूचना स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवल्या होत्या. हार नकोत, त्या पैशाची पुस्तकं घ्या. भाषणं नकोत. पहिलं वाचन विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी करावं, "ज्याला किंवा जिला मोठ्याने वाचता येतं." असलं वाक्य तेच लिहू शकतात.

वाचन आमच्या वर्गातल्या एकाने केलं, तो आता अर्नाळ्याला मासळीचा व्यापार बघतो. कॉलेजात असताना त्याला उभं राहून वाचायची इतकी भीती वाटायची की तो तास चुकवायचा. फादर त्याला घेऊन समुद्रावर जायचे आणि लाटांच्या आवाजावरून वाचायला लावायचे. आज माइक बंद पडला. तो थांबला नाही. शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द पोचला: नीतिमान माणसांचे जीव देवाच्या हातात आहेत, लोकांना वाटतं ते संपले, पण ते शांतीत आहेत. बाजूच्या बाकावरून हुंदका ऐकू आला.

मिस्सेला बिशप होते आणि पन्नासेक धर्मगुरू, सगळे पांढऱ्या झग्यांत, वेदीभोवती. पेटीवर शुभवर्तमानाचं पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि बाजूला त्यांचा चषक. प्रवचन करणारे धर्मगुरूही त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मलाही माहीत नव्हती. फादर लहानपणी वेदीसेवक होते. तेव्हा मिस्सा लॅटिनमधून व्हायची. धर्मगुरू बोलणार आणि हा दहा वर्षांचा मुलगा पाठ केलेलं लॅटिन उत्तर देणार, एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नसताना. घरी येऊन त्याने आईला विचारलं, "मी देवाला काय सांगितलं?" आईलाही ठाऊक नव्हतं. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि तिने लोकांच्या भाषेला उपासनेत जागा दिली. फादर सेमिनरीत, धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत होते तोवर मराठीतून मिस्सा सुरू झाली. पहिल्यांदा आपल्या भाषेत ती प्रार्थना ऐकली त्या दिवशी फादर चर्चमधून धावत घरी गेले आणि आईला म्हणाले, "आता कळलं मी काय सांगत होतो."

ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की वर्गातला तो हट्ट कुठून आला होता. न कळता म्हटलेला एक शब्दही ते चालू द्यायचे नाहीत. फादर स्टीफन्सवर त्यांचा एवढा जीव का होता, तेही कळलं. सोळाव्या शतकात इंग्लंडहून गोव्याला आलेला तो जेझुइट संघाचा धर्मगुरू, इथली भाषा शिकून त्याने बायबलची कथा ओव्यांमध्ये रचली, आणि 1616 साली राचोलला ते क्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. फादर ते शिकवताना म्हणायचे, परदेशी माणसाला कळलं होतं की ज्यांना सांगायचं त्यांच्या ओटीवर जाऊन बसावं लागतं.

कम्युनियनची वेळ झाली. ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर फक्त कॅथलिक भाविक घेतात, हे मला ठाऊक होतं. फादरांनीच पहिल्या वर्षाच्या नाताळात सगळ्या वर्गाला मिस्सेला बोलावलं होतं तेव्हा आधी समजावून सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की बाकीच्यांनी बाकावर बसून राहिलं तरी चालेल किंवा छातीवर हात आडवे ठेवून रांगेत यावं, आशीर्वाद मिळेल. आज आमच्या बाकांतले अर्धे ख्रिस्ती नव्हते. एकेक जण उठला. ग्रंथपालबाई, नायगावचा शिक्षक मित्र, सोपाऱ्याची मुसलमान मैत्रीण डोक्यावर ओढणी घेऊन, मी. छातीवर हात आडवे ठेवून आम्ही रांगेत चालत गेलो. एका तरुण धर्मगुरूंनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस केला. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं. पुढे दोन पावलांवर फादर होते, तोंड आमच्याकडे.

शेवटी पेटीला धूप दाखवला, पुन्हा पाणी शिंपडलं, आणि सगळे धर्मगुरू एकेक करून खाली उतरले आणि पेटीला हात लावून गेले. मग पुतण्यांनी आणि विद्यार्थ्यांनी पेटी उचलली. दफनभूमी चर्चच्या मागेच आहे. दोन दिवसांवर मृतांचा सण असल्यामुळे बहुतेक थडगी धुऊन पांढरी केलेली होती, कुठे चुना ओला होता. सणाच्या तयारीत असलेल्या त्या जागेत एकच नवा खड्डा. भाची सिस्टर, जी परदेशातून आली होती, तिने पेटी बंद करण्याआधी चष्मा आणून फादरांच्या खिशात ठेवला. प्रमुख धर्मगुरूंनी थडग्याला आशीर्वाद दिला. पेटी दोरांवर खाली गेली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. वसईची माती वाळूमिश्रित, हाताला चिकटत नाही. माझ्या रुमालात मंगळवेढ्याच्या वेशीजवळची काळी माती होती. ती मीच आणली होती, कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारावं का, असा विचार आला, मग टाकली. शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याने बघितलं आणि मान हलवली.

आवारात चहा-बिस्किटं होती. लोक लगेच गेले नाहीत. अंधार पडेपर्यंत घोळके करून उभे होते, आणि जिथे कान द्यावा तिथे फादरांचा एखादा तास चालू होता.

शनिवार

1 नोव्हेंबर, सकल संतांचा सण. सकाळी मैत्रिणीचं घर मिस्सेला गेलं. मी आणि नायगावचा मित्र बसने वसईच्या किल्ल्यात गेलो. फादर दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना इथे आणायचे, आणि दोनच प्रश्न विचारायचे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. ती गोष्ट तटाबाहेरच्या मावळ्याला विचारली तर तो काय सांगेल? आणि तटाच्या आत असलेल्या, पोर्तुगिजांच्या राज्यात ख्रिस्ती झालेल्या, पण घरी मराठीच बोलणाऱ्या माणसाला विचारली तर? आमच्यातले काही पहिल्या उत्तरावर टाळ्या वाजवायचे, काही दुसऱ्यावर मान खाली घालायचे. फादर दोघांनाही थांबवायचे. "दोघंही तुमचे पूर्वज आहेत. दोघांचं ऐकून घ्या." मराठ्यांच्या राज्यातही इथले पुष्कळ ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले आणि मराठीच बोलत राहिले. या एका वाक्यात वसईचा सगळा इतिहास आहे, आणि आज तो मोठ्याने सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

किल्ल्यातल्या पडक्या भिंतींवर पिंपळ वाढलेत. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे, 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले, आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाले. फार वेळ थांबलो नाही. ऊन वाढलं होतं.

रविवार

मृतांचा दिवस. दुपारनंतर सगळं गाव दफनभूमीत. झेंडू, शेवंती, सोनचाफा, मेणबत्त्यांचे पुडे. धर्मगुरू थडग्याथडग्यावरून पाणी शिंपडत गेले. मुलं पणजोबांच्या थडग्यावर चढून बसली होती आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. आपल्या सर्वपित्री अमावस्येला घरोघर जे चालतं, ते इथे उघड्यावर, सगळ्यांनी मिळून. फादरांच्या थडग्यावर अजून नुसता मातीचा ढीग होता. त्यावर कुणीतरी केळफूल ठेवलं होतं.

माझी गाडी रात्रीची. त्याआधी पुतण्याने आम्हाला घरी बोलावलं. फादरांचं कपाट उघडायचं होतं. पुस्तकं कॉलेजला द्यावीत असं काहींचं म्हणणं, गावच्या वाचनालयाला द्यावीत असं दुसऱ्यांचं, आणि आवाज थोडे चढले सुद्धा. मला वाटतं गावातच राहावीत, कॉलेजात कपाटाला कुलूप लागतं. ते ठरायचं राहिलं. पण खालच्या कप्प्यात बुटांचे जुने खोके निघाले, आणि त्यात ध्वनिफिती. फादरांनी वाड्यावाड्यांतून फिरून म्हाताऱ्यांकडून लग्नाची गाणी भरून घेतली होती, कादोडीतली. हळदीची, पाणी आणायची, नवरी निघतानाची. प्रत्येक फितीवर त्यांच्या बारीक अक्षरात गाव, वाडी आणि गाणाऱ्या बाईचं नाव. काहींवरची शाई पसरून नावं गेली होती.

पुतण्याने शेजारून टेपरेकॉर्डर आणला. मावशींना खुर्ची दिली. पहिल्या फितीत खरखर, मग चार-पाच बायकांचा आवाज, मागे कोंबडा, आणि मध्येच फादर: "परत म्हणा, शेवटची ओळ." मावशी पुढे झुकल्या. "ही माझी थोरली बहीण," त्या म्हणाल्या, "आणि ही दुसरी चुकतेय." मैत्रिणीने वहीत नाव लिहून घेतलं. दुसरी फीत, तिसरी. प्रत्येक आवाजाला त्या नाव देत गेल्या, कोण कुठल्या वाडीत दिलेली, कोण कधी गेली. ज्या फितीवरची शाई गेली होती तिच्यावर नवी पट्टी चिकटवत गेलो. विरारचा एक जण ध्वनिमुद्रणाचं काम करतो, सगळ्या फिती संगणकावर उतरवून घ्यायचं त्याने अंगावर घेतलं. नायगावच्या मित्राने गाण्यांचे शब्द कादोडीत आणि प्रमाण मराठीत उतरवायचं ठरवलं, मी तपासून देणार.

शेवटच्या फितीत नवरीला निरोप द्यायचं गाणं होतं. मावशींनी दोन कडवी ऐकली आणि हात वर करून थांबवायला सांगितलं. "हे अर्धंच आहे. पुढचं हिला येत नव्हतं, म्हणून फादराने माझ्याकडे यायचं कबूल केलं होतं, मग राहून गेलं." मैत्रिणीच्या मुलाने खिशातून मोबाइल काढून समोर धरला. मावशींनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि मग बोटाने वहीकडे दाखवलं.

"आधी माझं नाव लिही," त्या म्हणाल्या. "मग गाते."